डोंगरावरचं जंगल नेमकं काय काम करतं?

दर पावसाळ्यात एक सकाळ अशी येते की टीव्हीच्या पट्टीवर आपण कधी न ऐकलेल्या गावाचं नाव फिरत असतं. ३० जुलै २०१४ ला माळीण. २२ जुलै २०२१ ला तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये १५१ माणसं गेली, महाड तालुक्यातल्या तळियेत ८० हून जास्त. इर्शाळगडाच्या पोटातल्या ठाकर वाडीत २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा पत्ताच लागला नाही. माळीण गाव जागेवर नाही, हे आधी लक्षात आलं ते सकाळची गाडी घेऊन गेलेल्या एसटीच्या चालकाला.

मग दोन-चार दिवस चर्चा चालते. कुणी जंगलतोड म्हणतं, कुणी हवामान बदल, कुणी निसर्गाचा कोप. डोंगर, जंगल आणि पाऊस यांचं आपसात काय नातं आहे, ते मात्र सावकाश बसून कुणी सांगत नाही. ते कळलं नाही तर पुढचं सगळं भांडणही कळत नाही, म्हणून मुळापासून सुरुवात करू.

## दोन तांबे पाणी

माझं आजोळ भोर तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला वाघजाई देवीच्या नावानं राखलेली राई आहे, जेमतेम दोन-तीन एकरांची. राईची हद्द संपली की लगेच उघडा उतार लागतो. तिथं गुरं चरतात आणि उन्हाळ्यात हटकून वणवा फिरतो. एका मे महिन्यात मामा आणि मी पाण्याची कळशी घेऊन वर गेलो होतो. मामानं आधी उघड्या उतारावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मातीत शिरलंच नाही. धूळ अंगाला माखून घेत ते घरंगळलं आणि दोन हात लांब ओघळ पाडून थांबलं. ओघळाखाली बोटानं उकरलं, तर नखभर खोलीवर माती कोरडी ठणठणीत.

मग राईत शिरलो. घोट्याएवढा पाचोळा होता. मामानं तेवढंच पाणी तिथं ओतलं. आवाज आला नाही, ओघळ पडला नाही, पाणी गेलं कुठं तेही दिसलं नाही. "आता हात घाल आत," मामा म्हणाला. पाचोळा बाजूला करून मूठभर माती काढली. चहाच्या चोथ्यासारखी काळी, भुसभुशीत, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी आणि केसांएवढ्या मुळांनी विणलेली. मूठ दाबली तर बोटांना ओल लागली. मे महिन्यात!

दोन्ही जागांत अंतर शंभर पावलांचं. खाली खडक तोच, उतार तसाच, पाऊसही तोच पडणार. फरक एवढाच की एका जागी पाणी पळतं आणि दुसऱ्या जागी मुरतं. डोंगरावरचं जंगल म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. जंगल पाण्याला वेळ लावतं. या लेखात पुढं जे काही आहे ते या एका वाक्यातून निघालेलं आहे.

## वेळ लावतं म्हणजे कसं?

पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळतो तेव्हा तो मातीचे कण उडवतो, आणि उडालेली बारीक माती जमिनीची छिद्रं बुजवते. थोड्याच वेळात जमीन सारवलेल्या अंगणासारखी होते. पाणी आत जात नाही, वरून वाहतं आणि जाताना माती घेऊन जातं. जंगलात तोच थेंब आधी उंच झाडाच्या पानावर फुटतो, मग खालच्या कारवीच्या झुडपांवर, मग पाचोळ्यावर. जमिनीपर्यंत येईस्तोवर त्याचा जोर गेलेला असतो. खाली गांडुळांची बिळं, मुंग्यांची वारुळं, कुजलेल्या मुळांच्या नळ्या असतात. त्यांतून पाणी आत उतरतं, मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून सावकाश सरकतं आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी खाली कुठंतरी झरा होऊन बाहेर येतं.

तव्यावर पाणी ओतलं तर ते सरळ कडेनं सांडतं, गोणपाटावर ओतलं तर आधी मुरतं आणि मग थेंबथेंब ठिबकत राहतं. अगदी तसंच.

किंवा घरखर्चाच्या भाषेत बोलायचं तर असं: आपल्याकडं पाऊस म्हणजे वर्षाचा सगळा पगार चार महिन्यांत हातात येतो. ज्या घरात तो तसाच उडतो त्या घरात फेब्रुवारीत उसनवारी सुरू होते. जंगल ही डोंगराची ठेव. पावसाळ्यात भरायची, उन्हाळ्यात थोडी थोडी काढायची.

## सह्याद्रीत हे एवढं महत्त्वाचं का?

समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर चढताना हवा थंड होते, थंड हवेला बाष्प पेलत नाही, म्हणून ती ते तिथंच टाकते. त्यामुळं महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेला सहाशे-सातशे मिलिमीटरसुद्धा नशिबानं. म्हणजे देशावरची कोरडवाहू गावं ज्या नद्यांकडं डोळे लावून बसतात, त्या भरतात डोंगराच्या एका अरुंद पट्टीवर. गोदावरी ब्रह्मगिरीवर, भीमा भीमाशंकराजवळ, कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरला उगम पावतात. पुढं याच नद्या तेलंगण, आंध्र, कर्नाटकापर्यंत जातात.

आणि तरी अशी परिस्थिती आहे की तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणातल्या डोंगरवाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं ज्या शहापूरच्या परिसरात आहेत, तिथल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन मैलभर चालतात. पाऊस कमी पडला म्हणून हे होत नाही. पडलेला पाऊस थांबत नाही, म्हणून होतं.

जंगल पाणी साठवतं एवढंच नाही, हवेत परतही पाठवतं. आयआयटी मुंबईच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडलं की तमिळनाडूत नैर्ऋत्य मोसमी पावसात जे बाष्प असतं, त्यातला ४० टक्क्यांपर्यंत वाटा पश्चिम घाटातल्या झाडोऱ्यानं सोडलेल्या बाष्पाचा असतो. पश्चिम घाट म्हणजे आपला सह्याद्रीच, फक्त गुजरातपासून तमिळनाडूपर्यंतची पूर्ण, सुमारे १,६०० किलोमीटरची रांग धरून. इथली झाडं तोडली की त्याचा हिशेब लांब कुठंतरी चुकता होतो.

## हवामान बदलाचा इथं काय संबंध?

हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मोठ्या बादलीत पाणी जास्त मावतं, आणि ती उलटली की सांडतंही जास्त. अरबी समुद्र तापतोय, म्हणजे बादली मोठी होतेय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या पट्ट्यात, आणि त्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र वाढलेला नाही. दोन मुसळधार दिवसांच्या मधे कोरडे दिवस वाढलेत.

२२ जुलै २०२१ च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात जून ते सप्टेंबर मिळून साधारण तेवढाच पडतो. त्याच दिवशी खाली चिपळूण बुडालं आणि तळियेवर डोंगर आला.

आता 'क्लायमेट रेझिलियन्स' हा सरकारी कागदांत सारखा भेटणारा शब्द घेऊ. सरळ मराठीत त्याला तग म्हणू. धक्का बसला तरी न मोडणं, मोडलंच तर लवकर उभं राहणं. पाऊस एका दमात पडणार आणि मग पंधरा दिवस ओढ देणार, हे आता धरूनच चालायचं आहे. अशा वेळी जो डोंगर धो धो पाणी अंगात जिरवू शकतो आणि ओढीच्या दिवसांत तेच सोडू शकतो, तो तग धरणार. धरणाची भिंत हे काम खाली, नदीत करते. जंगल ते वर, थेंब पडतो तिथंच करतं. आणि त्याला भूसंपादन लागत नाही.

## मुळं डोंगर धरून ठेवतात, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. सह्याद्रीचा गाभा काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्यावर झिजून तयार झालेला मुरूम, आणि त्यावर मातीचा थर. पाऊस सलग पडत राहिला की ही माती पाण्यानं तुडुंब होते, तिचं वजन वाढतं आणि मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. शेवाळलेल्या उतरत्या फरशीवर भिजलेली गोधडी ठेवा. ती किती वेळ जागेवर राहील? दरड कोसळते ती अशीच.

झाडाची मुळं या गोधडीला टाके घालतात. जाड मुळं खालच्या मुरमाच्या भेगांत खिळ्यासारखी रुततात, बारीक मुळं वरची माती विणून ठेवतात. कारवी याबाबतीत फार गुणाची. सात वर्षांनी एकदाच फुलणारं हे झुडूप आपण फुलांच्या फोटोंसाठी ओळखतो आणि डोंगरातले लोक तिच्या काठ्यांचे कूड विणतात म्हणून ओळखतात. पण उभ्या उतारावर, जिथं मोठं झाड पाय रोवू शकत नाही, तिथं मातीला धरून ठेवणारी तीच असते.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. झाड तोडलं की धोका त्याच वर्षी वाढतो असं नाही. खोड गेलं तरी मुळं काही वर्षं जमिनीत टिकून असतात. ती कुजत जातात तशी पकड हळूहळू सुटते. त्यामुळं तोड झाली तेव्हा काही झालं नाही, हा दाखला फसवा आहे.

## "पण इर्शाळवाडीच्या आजूबाजूला तर झाडं होती!"

होती. हा आक्षेप खरा आहे आणि टाळता येणारा नाही. २०२४ मध्ये केरळातल्या वायनाडला दरडींनी केलेला प्रलयही वर, माणसाच्या वस्तीपासून लांब, रानातच सुरू झाला होता.

मुळांची पकड असते वरच्या एक-दीड मीटरच्या थरात. खडकाचा तुकडाच खोलवरून सुटला, किंवा जमीन आधीच ओली गच्च असताना आणखी काही शे मिलिमीटर पाऊस झाला, तर जंगल त्याला अडवू शकत नाही. पुराचंही तसंच. लहान आणि मध्यम पूर जंगल नक्की बोथट करतं, पण गोणपाट पूर्ण भिजलं की त्यानंतरचं पाणी त्यावरूनही वाहतंच. जंगल राखलं की दरडी बंद होतील, असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

मग राखायचं कशासाठी? हेल्मेट घातलं म्हणून अपघात थांबत नाहीत, पण डोकी वाचतात. झाडोरा असलेल्या उतारावर उथळ दरडी कमी होतात, आणि आपल्या घाटरस्त्यांवर दर पावसाळ्यात कोसळणाऱ्या बहुसंख्य दरडी उथळच असतात. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा उभा कापणं, खाचरांसाठी यंत्र लावून उतार सपाट करणं, पाणी निघायच्या वाटा बुजवणं, यांनी धोका किती वाढतो याची चर्चा माळीणनंतर बरीच झाली. आंबेगाव-जुन्नरकडं पडकई नावाची जुनी रीत आहे. गावानं मिळून, हातानं, उताराचा कल बघत खाचरं बांधायची. तिच्यात आणि जेसीबीनं दोन दिवसांत कापलेल्या उतारात फार फरक आहे.

जंगलाच्या जोडीला धोक्याच्या गावांचे नकाशे, पर्जन्यमापक आणि वेळेवर स्थलांतर हे लागणारच. इर्शाळवाडी तर धोक्याच्या गावांच्या यादीतच नव्हती. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांनी काही खुणा घरातल्या पोरांनाही सांगून ठेवाव्यात: उतारावर नवी भेग, अचानक कललेली झाडं किंवा खांब, घराच्या भिंतीला आणि जोत्याला तडे, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा थांबणं. यातलं एक जरी भर पावसात दिसलं तरी रात्र तिथं काढायची नाही.

## "झाडं उलट पाणी पितात ना?"

पितात. दाट जंगलातून वर्षभरात नदीत येणारं एकूण पाणी उघड्या डोंगरापेक्षा कमीच असतं, कारण झाडं बरंच पाणी हवेत सोडतात. पण उघड्या डोंगरावरून येणारं जास्तीचं पाणी येतं कधी? जुलैत, पुराच्या रूपानं, गाळ घेऊन. ते पाणी आपल्याला नको असतं. आपल्याला मार्चमधली एक कळशी जुलैमधल्या शंभर कळश्यांपेक्षा मोलाची.

मात्र हे उत्तर कोणत्या झाडांना लागू होतं ते महत्त्वाचं आहे. जुन्या, थराथराच्या, पाचोळ्यानं भरलेल्या रानाची माती पाणी आत घेते. पायाखाली काहीच न उगवणारी नीलगिरीची एकसुरी रांग पाणी पिते, पण मुरवायचं काम तसं करत नाही. म्हणून पुढचा प्रश्न.

## "मग लावू की लाखभर झाडं!"

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात गेलेला प्रत्येक जण मनापासूनच खड्डा खणतो. त्या भावनेला मी नाव ठेवणार नाही. पण राईतल्या त्या मुठीएवढ्या मातीला तयार व्हायला कित्येक पिढ्या लागल्या आहेत आणि ती रोपवाटिकेत मिळत नाही. गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड हिरवी दिसते, पण तिथं अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, त्यांच्यावरच्या वेली आणि खालची कारवी यांची बरोबरी होत नाही. कासच्या पठारासारख्या जांभ्याच्या सड्यांवर तर झाडं लावणं हे नुकसानच आहे. तो सडा 'मोकळा' नाही. तिथलं गवत आणि फुलं हाच त्याचा संसार, आणि त्याच्या भेगांतून खालच्या झऱ्यांना पाणी जातं.

सह्याद्रीत पाऊस एवढा आहे की मोडलेलं रान बहुतेक ठिकाणी स्वतःच उठतं. तोडलेल्या बुंध्यांना फुटवे येतात, पाखरं बिया आणून टाकतात. त्याला फक्त चार-पाच वर्षं कुऱ्हाड, मोकाट चराई आणि आग यांच्यापासून सांभाळावं लागतं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द आपल्या गावांना नवे नाहीत.

आगीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण माझ्या मते आज सह्याद्रीच्या उतारांचं सर्वांत जास्त नुकसान वणव्यानं होतंय आणि त्याची बातमी होत नाही. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चारा चांगला येतो, या समजुतीनं कुणी पेटवतं, कुणाची विडी पडते, कुणी शिकारीसाठी लावतं. आग गवत खाते, सोबत पाचोळा खाते, फुटलेलं हातभर रोप खाते आणि मातीतला जीव भाजून काढते. जूनचा पहिला पाऊस त्या भाजलेल्या, उघड्या मातीवर पडतो. पहिल्या सरीनंतर ओढे लाल-तपकिरी वाहतात ना, ती डोंगराची कातडी असते.

## "शहरांना पाणी हवं म्हणून आम्ही का सोसायचं?"

डोंगरातल्या माणसाचा हा प्रश्न मला सर्वांत न्याय्य वाटतो. पश्चिम घाटासाठी डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्ये अहवाल दिला. काय राखायचं आणि काय होऊ द्यायचं हे ग्रामसभांना विचारून ठरवा, हा त्याचा गाभा होता. त्यावर गदारोळ झाला, मग डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्याच्या आधारे केंद्र सरकारनं २०१४ पासून २०२४ पर्यंत अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्या दिवशी. त्यात सहा राज्यांतलं सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील' ठरवायचा प्रस्ताव आहे. महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर.

गावोगाव भीती अशी की आता घर बांधता येणार नाही, शेती बंद होणार, उठवून लावणार. मसुद्यात तसं नाही. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषक 'लाल' गटातले उद्योग आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं यांवर. भातशेतीला, गुरांना, घराच्या दुरुस्तीला हात लावलेला नाही. पण ही गोष्ट गावाला त्याच्या भाषेत, नकाशा समोर ठेवून कुणी समजावली नाही, म्हणून भीती पसरली, आणि ज्यांना खाणी हव्या होत्या त्यांना ती सोयीची ठरली.

तरीही नुसती बंदी हे उत्तर नव्हे. कोकणात, विशेषतः रत्नागिरीत, बहुतेक रान खासगी मालकीचं. मुलीचं लग्न निघतं, दवाखान्याचं बिल येतं, आणि सात-आठ वर्षं वाढलेलं रान ठेकेदाराला ठोक रकमेत जातं. त्या शेतकऱ्याला उभ्या रानाचे पैसे मिळायला हवेत. कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॅट वीज बनवायची क्षमता आहे. ते पाणी आणि त्यासोबतचा गाळ, दोन्ही वरच्या डोंगरांतून येतात. वीज वापरणाऱ्यानं आणि नळ सोडणाऱ्यानं त्या डोंगराच्या राखणदारीचा खर्च उचलावा, यात उपकार कसला? आणि जिथं वनहक्क कायद्यानं, म्हणजे २००६ च्या कायद्यानं, सामूहिक हक्क मिळतात तिथं जंगल जगवणं हेच उत्पन्न होऊ शकतं. जुन्नर-आंबेगावकडची महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून विकतात. हिरड्याचं झाड त्यांना तोडून परवडत नाही.

गावांना हे कळत नाही असं समजू नये. गाडगीळ आणि वा. द. वर्तक १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडत होते, तेव्हा श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडली जाऊ नये म्हणून त्यांच्याकडं धाव घेतली होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गावाचा ओढा या राईतून येतो.

## आमच्या गावात सध्या काय चाललंय

दिवाळी झाली, गवत पिवळं पडलं की मामा आणि सात-आठ जण वाघजाईच्या राईभोवती जाळरेषा काढतात. दहा-बारा फुटांचा पट्टा. त्यातलं गवत कापून, गोळा करून, वारा नसलेल्या सकाळी ओल्या डहाळ्या हातात घेऊन जाळायचं, म्हणजे फेब्रुवारीत वणवा आला तर त्याला खायला काही उरत नाही. सुरुवातीला रेषा राईच्या हद्दीला चिकटून होती. गेली काही वर्षं ते दरवर्षी ती पाच-दहा पावलं बाहेर सरकवतात, उघड्या उताराच्या बाजूला.

मामानं जिथं पहिला तांब्या ओतला होता, ती जागा आता रेषेच्या आत आली आहे. तिथं गुडघाभर कारवी आहे, दोन जांभळं आणि एक गेळा फुटलाय. गेल्या मे महिन्यात तिथं पुन्हा पाणी ओतून बघितलं. थोडं वाहिलं. बरंच मुरलं.